बंडोमामांचा रणगाडा

हिंगोली,
१० नोव्हेंबर २०२५

ती. बंडोमामांस, संपदाचा सा. न.

काल औंढ्याला तुमच्या घरी वसमतची मंडळी अनिरुद्ध यांच्यासाठी मला पाहायला आली, तेव्हा जे झालं ते असं:

१. त्यांच्या वडिलांच्या हातून सुपारी पडली आणि दिवाणाखाली गेली.
२. ती घ्यायला ते वाकले. तिथे त्यांना माझा रिमोटवर चालणारा छोटा रणगाडा दिसला. त्यावर मी बसवलेला वायरलेस कॅमेराही दिसला.
३. हा कुणाचा, असं त्यांनी विचारलं.
४. माझा, असं तुम्ही सांगितलंत.
५. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते.

मामा, रणगाडा मी विकत आणला. त्याच्या बुरुजात कॅमेरा बसवला, अँटेना लावली, चित्र हातातल्या स्क्रीनवर आणलं, तेही मी. तुमच्याच माजघरात बसून. मामी तेव्हा रोज विचारायची, ताट तिथेच आणून देऊ का.

अनिरुद्ध यांनी रिमोट मागितला, रणगाडा आतल्या खोलीत पाठवला आणि नुसत्या स्क्रीनकडे बघत परत आणला. मग एकच प्रश्न विचारला: वळताना चित्र का जातं? त्यावर औंढ्याची लाइनच कमी दाबाची येते, असं तुम्ही सांगितलंत. रणगाडा बॅटरीवर चालतो. मी तोंड उघडलं, तर तुम्ही मला बिस्किटं आणायला आत पाठवलंत.

फोन करत नाही, कारण तुम्ही तो स्पीकरवर लावता आणि समोरचा पानवालासुद्धा मला सल्ला देतो. त्या मंडळींना खरं काय ते कळवा.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, सध्या तो रागाच्या खाली दबलेला आहे.

संपदा


औंढा नागनाथ,
१३ नोव्हेंबर

चि. संपदास, अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. नंबर टाकून लिहितेस, जसं काही मी पोलीस ठाण्यात बसलोय. इतकी वर्षं देवस्थानच्या कचेरीत कारकुनी करून राहिलो, पण असं कोरडं पत्र साहेबानंही कधी धाडलं न्हाई.

काहून खोटं बोललो ते ऐक. जवळा बाजारचं स्थळ गेलं ते तुझ्या बोटांवरच्या डागांपायी. डाग सोल्डरिंगचे, हे तू बेधडक सांगून टाकलंस. मागून निरोप आला की पोरीचं लक्ष घरात कमी अन् तारांत जास्त. तुझी मामी दोन दिवस धड जेवली न्हाई. म्हणून या खेपेला जिभेवर आलं ते बोलून गेलो. वाटलं, म्हाताऱ्याचा नाद म्हणून हसतील अन् विसरून जातील.

पण ते पोरगं विसरायला तयार न्हाई. पोरगी पसंत आहे म्हणून त्यांनी कळवलं, अन् वर हे रोज मला फोन करून राहिलं. परवा विचारलं, कॅमेरा कोणत्या चॅनलवर लावलाय. मी म्हटलं, सह्याद्रीवर. लई हसलं. आता वसमतला मी विनोदी माणूस ठरलोय.

२३ तारखेच्या रविवारी तो आईवडिलांना घेऊन रणगाडा पाहायला येऊन राहिलाय. काल सराव म्हणून अंगणात चालवला. वळवताना चित्र गेलं अन् गाडा तुळशीवृंदावनावर जाऊन आदळला. अँटेना वाकली. मामी म्हणते, बरं झालं.

तर तू मला उत्तरं लिहून धाड, मी पाठ करतो. एकदा लग्न लागलं की सावकाश सांगू सगळं. लेकरा, माझ्यासाठी एवढी तकलीफ घे. राग सरला की खाली उरलेली माया कळव.

तुझा,
बंडोमामा


हिंगोली,
१७ नोव्हेंबर

ती. मामांस, सा. न.

उत्तरं लिहून पाठवणार नाही.

जवळा बाजारच्या लोकांनी मला नाकारलं, ते मला पाहून. वसमतच्या लोकांनी पसंत कुणाला केलं, हे मला कळत नाही. ट्रे धरून गप्प उभी असलेली मुलगी त्यांना आवडली असेल, तर ती मी एक दुपारच होते. आणि लग्नानंतर नवऱ्यानं माझ्या कामाबद्दल जन्मभर तुम्हाला फोन करायचा का?

अनिरुद्ध मला नापसंत नाहीत. हे मामीला सांगा, स्पीकर न लावता. म्हणूनच हे खोटं मला चालणार नाही. आलेल्या माणसांत नेमका प्रश्न त्यांनी एकट्यांनी विचारला आणि त्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही.

उत्तर असं आहे. जागच्या जागी वळताना रणगाड्याचा एक पट्टा पुढे आणि एक मागे फिरतो. दोन्ही मोटारी एकदम जोर घेतात, बॅटरीचा दाब क्षणभर पडतो आणि त्याच बॅटरीवर असलेला कॅमेरा बंद होतो. कॅमेऱ्याला स्वतःची वेगळी बॅटरी हवी. ती मी आणून ठेवली आहे, मामीच्या शिवणाच्या डब्यात. बसवायची राहिली.

रविवारी येऊन मी ती बसवीन. बैठकीत, सगळ्यांसमोर. बोटांवरचे डाग त्यांना दिसतील. त्यावर नकार आला तर तो निदान मला आलेला असेल. चहा तुम्ही आणा.

अँटेना सरळ करायला जाऊ नका.

त्याआधी रणगाडा कुणाचा हे तुम्ही स्वतः त्यांना कळवलंत, तर मला बरं वाटेल. तुम्ही सांगणार की रविवारी मी सांगू, एवढंच शुक्रवार, २१ तारखेपर्यंत पत्रानं कळवा.

तुमची,
संपदा