वाटप झालेली मशीन परत न देण्याबाबत

प्रति,
मा. सहायक धर्मादाय आयुक्त,
सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय, बीड.

अर्जदार : सौ. सुनिता उत्तरेश्वर ठोंबरे, वय ३४, रा. नांदूरघाट, ता. केज, जि. बीड.

विषय : त्याच त्या अकरा शिलाई मशिनी गावोगावी फिरवून वाटप दाखवणाऱ्या संस्थेची चौकशी होणेबाबत.

संदर्भ : सदर संस्थेची अर्जदारास आलेली नोटीस, दि. १० फेब्रुवारी २०२५.

महोदय,

अर्जदार पूर्वी पतीसोबत ऊसतोडीला जात असे. तीन हंगामांपूर्वी मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून पडल्याने तिचा उजवा खांदा निखळला. तेव्हापासून डोक्यावर मोळी पेलत नाही. पती एकटेच तोडीला जातात, अर्जदार गावी राहते. तिला शिवणकाम चांगले येते. म्हणून ‘आधारछाया महिला उत्थान प्रतिष्ठान’ या नोंदणीकृत संस्थेने शिलाई मशीन वाटप जाहीर केले तेव्हा तिने नाव दिले.

१. दि. ३ जानेवारी रोजी नांदूरघाट येथे अकरा महिलांना अकरा मशिनींपुढे बसवण्यात आले. मिळाल्याच्या सह्या आधीच घेतल्या होत्या. पूजेला कुंकू संपले, तेव्हा अर्जदाराने आपल्या कपाळाची टिकली काढून आपल्या मशीनला लावली. फोटो झाले, पाहुणे गेले आणि टेम्पोचालक बजरंग मशिनी उचलू लागला. अध्यक्ष श्री. अमरसिंह धनवडे म्हणाले, “ताई, उद्या घरपोच येत्याल.” अर्जदाराने खिडकीखालची जागा सारवून ठेवली. मशीन आली नाही.

२. दि. २१ जानेवारी रोजी अर्जदाराची बहीण स्वप्नाली हिने धर्मापुरीहून तिथल्या वाटपाचा फोटो मोबाइलवर पाठवला. फोटोतल्या एका मशीनला अर्जदाराची टिकली होती. फोन केला असता अध्यक्ष म्हणाले, “ती नमुन्याची हाय. तुमची वेगळी येणार हाय.” अर्जदाराला रात्रंदिवस एकच गोष्ट सलत राहिली, की आपण सही कशावर केली.

३. दि. ४ फेब्रुवारी रोजी सिरसाळा येथे वाटप असल्याचे कळताच अर्जदार आणि नांदूरघाटच्याच यादीतील विधवा लाभार्थी मुक्ताबाई एस.टी.ने तेथे गेल्या. टिकलीची मशीन दिसली. अर्जदार तिच्यापुढे बसली. फोटो झाल्यावर बाकीच्या उठल्या, ती उठली नाही.

बजरंग हात जोडून म्हणाला, “ताई, उठा, माज्या पोटावर पाय देऊ नका.”

अर्जदार म्हणाली, “मी उठंन, पन मशीनसकट. सही केल्याय मी.”

पाहुणे अद्याप मांडवात होते. त्यांनी विचारले, “काय झालं?” तेव्हा अध्यक्षांना हसून सर्वांसमोर म्हणावे लागले, “काही न्हाई साहेब. घेऊन जा ताई, तुमचीच हाय.” अर्जदाराने तो शब्द खरा धरला. एका बाजूने मुक्ताबाईंनी, दुसऱ्या बाजूने अर्जदाराने डाव्या हाताने धरून मशीन एस.टी.त चढवली, केजला गाडी बदलली आणि घरी आणली.

४. आता संस्थेने नोटीस दिली आहे, की अर्जदाराने संस्थेची मालमत्ता चोरली असून सात दिवसांत परत न केल्यास पोलिसांत तक्रार होईल. मात्र सिरसाळ्यात वाटलेल्या संस्थेच्या छापील पुस्तिकेत नांदूरघाटच्या लाभार्थींत सातव्या क्रमांकावर अर्जदाराचे नाव असून “मशीन मिळाली” असे लिहिले आहे. पुस्तिका खरी असेल तर स्वतःचीच मशीन अर्जदाराने चोरली कशी? आणि नोटीस खरी असेल तर पुस्तिका खोटी आहे. दोन्हींवर अध्यक्षांचीच सही आहे. कोणती सही खरी, हे त्यांनी आपल्यासमोर सांगावे.

५. काल अध्यक्ष स्वतः घरी आले. म्हणाले, “गुपचूप दे, कावून वाढवती? उद्या घरकुलाच्या यादीत नाव पाह्यजे ना?” अर्जदाराने पायडल थांबवले नाही. अन्य नऊ महिला याच भीतीने या अर्जावर सही करत नाहीत. त्यांना दोष नाही. मुक्ताबाईंनी मात्र केली आहे. त्या कापड बेततात, अर्जदार शिवते. एका मशीनवर सध्या दोन घरे चालली आहेत.

तरी पुस्तिकेतील प्रत्येक गावी जाऊन, प्रत्येक बाईच्या घरात मशीन आहे का, हे आपल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी पाहावे, ही विनंती. उरलेल्या दहा जणींना त्यांच्या मशिनी मिळाव्यात. पुराव्यासाठी मशीन हजर करण्याचा आदेश झाल्यास अर्जदार ती स्वतः बीडला आणील व पंचनामा होताच स्वतः परत नेईल. संस्थेच्या ताब्यात ती देणार नाही, मग गुन्हा दाखल झाला तरी चालेल.

चौकशीस केव्हाही यावे. घर शोधावे लागणार नाही, मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत येतो.

नम्र, परंतु ठाम,
सौ. सुनिता उत्तरेश्वर ठोंबरे
सहमत : श्रीमती मुक्ताबाई (सही)
नांदूरघाट, दि. १४ फेब्रुवारी २०२५

सोबत : नोटीस, पुस्तिकेचे पान, धर्मापुरीचा फोटो (टिकलीभोवती पेनने गोल केला आहे), एस.टी.चे सामानाचे तिकीट.