धडधाकट

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकला कसा आहे? पत्रात एक अक्षर लिहीत नाहीस, म्हणजे अजून आहे असं धरतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या कायद्यात आमच्या संस्थेनं एक कलम सुचवलंय. प्रयोग संपल्यावर जे कुत्रे, ससे धडधाकट असतील त्यांना मारू नये, त्यांना घरं शोधून द्यावीत. एकोणीस तारखेला समितीपुढे सुनावणी आहे. औषध कंपन्या म्हणतात, असे प्राणी उरतच नाहीत. तू बावीस वर्षं प्रयोगशाळेत त्यांचंच करतेस. येऊन खरं काय ते सांगशील?

भाचीला अभ्यासावरून फार बोलू नकोस. लोभ आहेच, या मागणीनंतरही राहू दे.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वकील झालास तरी बहिणीला कामाला लावायची खोड गेली नाही. मी येणार नाही. नोकरी गेली तर या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?

तुला म्हणून सांगते. मागच्या महिन्यात एक प्रयोग संपला. अकरा कुत्रे उरले, त्यातले नऊ ठणठणीत असल्याचं डॉक्टरांनीच लिहून दिलं. तरी अकराच्या अकरा गेले, कारण पुढच्या तुकडीला पिंजरे हवे होते. सुई देताना त्यांना धरायचं काम माझं. ते माझ्याच हाताला शांत राहतात, म्हणून माझं.

हे वाचून फाडून टाक. जेवणाच्या वेळा पाळत जा.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. काल ते समितीपुढे वाचलं. तुझं नाव घेतलं नाही, पण तुला विचारलंही नाही. कंपन्यांचा माणूस म्हणाला, अशी बाई कुठे नाहीच, हे संस्थेनं घरी बसून लिहिलंय. अध्यक्षबाईंनी नाव विचारलं, ते मी दिलं नाही. त्यांनी कागद बाजूला ठेवला. तुझा विश्वास मोडला आणि उपयोगही काही झाला नाही.

हवं तेवढं रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा अपराधी,
धाकटा


२८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तीन महिने लिहिलं नाही. राग होता, अजून थोडा आहे.

अध्यक्षबाईंना मी नावपत्त्यासकट पत्र लिहिलं, ते तुला समितीकडून कळलंच असेल. ते तुझ्यासाठी नव्हतं. अशी बाई नाहीच, हे वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. इथे कुणी ओरडलं नाही. फक्त मला तळमजल्यावर काचेची भांडी धुवायला पाठवलं. साबणानं बोटं सोलवटतात, पण नोकरी आहे.

कलम मंजूर झाल्याचा तुझा निरोप मिळाला. त्यातून ससे वगळल्याचंही समजलं.

काल कुत्रे न्यायला पहिली माणसं आली. नव्या बाईच्या हाताला एकही येईना, म्हणून मला वर बोलावलं. सहा होते. जिना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, एकेकाला उचलून खाली आणावं लागलं. मी उचललं की प्रत्येक जण माझ्या खांद्यावर मान टाकून गप्प व्हायचा. तो विश्वास मला सोसवेना. फाटकापाशी सहावा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात दिला आणि तिथेच कट्ट्यावर बसले.

ससे वरच आहेत. त्यांची सुनावणी लागली की तारीख कळव. पत्र वाचायची गरज नाही, मी येईन.

लोभ कमी झालेला नाही, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई