दोन्ही ग्रेड दिसतात

प्रिय ऑटीताई,

सोमवारी सकाळी प्रार्थना करून मी कॉलेजच्या सल्लागार बाईंकडे गेलो. पदवीला रसायनशास्त्रात मिळालेली 'डी' मला छळत होती. आता पन्नाशीला टेकल्यावर डॉक्टर व्हायचं म्हणून त्याच विषयाला पुन्हा बसून 'ए' मिळवली, तेव्हा वाटलं, जुनी पुसली गेली.

"अहो, वैद्यकीय कॉलेजच्या प्रवेश अर्जात दोन्ही ग्रेड दिसतात," बाई म्हणाल्या. "पण ती डी आली कशी?"

"खाणीच्या धुळीनं बाबांची छाती भरली होती. मी त्यांच्या उशाशी होतो."

"मग लपवता काय? तेच लिहा की."

ताई, परीक्षेच्या दिवशी तू बाबांना सांभाळलंस आणि मला परीक्षेला पिटाळलंस, म्हणून निदान डी तरी मिळाली. हे कधी बोललो नव्हतो.

वर्गातली पोरं मला आजोबा म्हणतात. पुढचं देव जाणे. तुझा गुडघा कसा आहे?

काल अर्ज पाठवला. त्यात तुझंही नाव लिहिलंय.

तुझा धाकटा,
व्हर्लिन