आत्या पडद्यावर बोलली ते

अण्णा, परवा तुमच्या बहिणीला मी सोलापुरात पडद्यावर दाखवलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोलायचं आहे ते तुमच्याशीच. कारण जे झालं ते तुमच्याबद्दल झालं, आणि तुम्ही तेवढे तिथे नव्हता.

बायकांनी केलेल्या सिनेमांचा महोत्सव होता. तुम्ही म्हणाला असता, बायकांचा वेगळा कशाला? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्यांनी माझी अर्धीकच्ची फिल्म घेतली, ती पुरी करायला यंत्रं दिली, आणि एक बाई रोज माझ्या शेजारी बसून प्रत्येक तुकडा बघत राहिल्या. 'हे का ठेवलंस?' असं विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायच्या. इतक्या शांतपणे मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच. तुमचं काम घाईचं. तुम्ही लग्नांचं शूटिंग करायचात आणि सुट्टीत मी तुमच्यामागे दिवा धरून फिरायचे. अक्कलकोटचं ते लग्न आठवतं? तुम्ही जेवायला बसलात आणि कॅमेरा माझ्याकडे दिलात. मी कार्यालयाच्या मागे गेले. तिथे बायका भांडी घासतायत, कानडीत एकमेकींना काही सांगतायत आणि पोट धरून हसतायत. मी तेच घेत राहिले. तुम्ही खरकट्या हातानं धावत आलात. "लग्न तिकडं चाललंय आन् तू हितं भांडी घेतीस व्हय? कॅमेरा नवरीवर पायजे!" सगळ्या बायकांसमोर ओरडलात. पण दुसऱ्या दिवशी टेप बघताना तो भाग तुम्ही पुसला नाहीत, मागे घेऊन पुन्हा पाहिलात. बारावी झाल्यावर तुमचा हँडीकॅम माझ्या हातात ठेवलात आणि "पाडू नको" एवढंच म्हणालात. ते दोन्ही तुम्हीच. म्हणून तर मला हे सोपं जात नाही.

तुम्ही गेल्यावर मी आत्याकडे जायला लागले. सांगोल्याच्या बाजूला, तिच्या वाडीवर. तिला तुम्ही शेवटच्या काळात फारसं पाहिलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं मेंढरं वाढवली. आता ती माळावर उभी राहिली की सगळा कळप तिच्या एका हाकेवर वळतो. मी तेच घेत होते. माळ, मेंढरं, तिची काठी, तिची बडबड. एक दिवस बाभळीखाली भाकरी सोडता सोडता, मी काही न विचारताच ती बोलायला लागली. म्हणाली, सासरी लई मारायचे. एकदा पाठ फुटली तशी निघाले. शेजारच्या गावात भाऊ लग्नाच्या शूटिंगला आलाय असं कळलं होतं. चालत गेले, मांडवाच्या कडेला उभी राहिले. "भावानं क्यामेऱ्यातनं मला बगितलं. नीट बगितलं. आन् क्यामेरा नवरीकडं फिरवला." मग मांडव उठायच्या आत ती मारणाऱ्यांच्या घरी परत गेली. कुणाला कळलंसुद्धा नाही.

अण्णा, मी कॅमेरा बंद केला नाही. हातानं तो तसाच धरून ठेवला. तुमच्याच शिकवणीनं.

आईला दाखवल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. "काढून टाक ते. मेलेल्या माणसाला उत्तर देता येतंय का? सगळं सोलापूर त्यांना ओळखतंय. त्यांनी ज्यांची लग्नं काढली, त्यांचीच लेकरंबाळं बघायला येणार की." तिचं चूक नव्हतं. मी सैरभैर झाले. एक दिवस आत्याचं ते कॅमेऱ्याचं वाक्य कापायचे, दुसऱ्या दिवशी परत जोडायचे. शेजारी बसणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला नको विचारूस. जिचं वाक्य आहे तिला विचार." म्हणून आत्याला फोन लावला. "आत्या, ते काढू का?" पलीकडे मेंढरं ओरडत होती. "काढ की. तुजा शिनिमा हाय. पर पोरी, ते मी आजवर कुनालाच सांगितलं न्हवतं. तुला सांगितलं." बास, एवढंच बोलली आणि मेंढरांना हाकारत फोन ठेवला.

वाक्य राहिलं.

सभागृहात आत्या पुढच्या रांगेत, नव्या लुगड्यात. शेजारी आई. येणार नाही म्हणत होती, पण आली. पडद्यावर मेंढरं दिसली तशी आत्या मोठ्यानं म्हणाली, "आगं, ती लंगडी बग की!" आणि लोक हसले. मग बाभूळ आली, भाकरी आली, ते वाक्य आलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, लोकांकडे बघत होते. तुमच्याबरोबर फोटो काढायला यायचे ते तुमचे दोस्त उठले आणि मान खाली घालून बाहेर गेले. आई हलली नाही. शेवटी आत्याला वर बोलावलं. मागून एका मुलीनं विचारलं, "आजी, भावावर राग आहे का?" आत्यानं माईक तोंडाच्या फारच जवळ धरला होता. "राग घिऊन काय करू? आज येवड्या मानसांनी गप बसून ऐकलं. तवा एकानं ऐकलं असतं तर भागलं असतं." टाळ्या पडल्या. तिला त्या कशाच्या ते कळेना. ती बाजूला बघून मलाच विचारत होती, "जाऊ का आता?"

काल सकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या. आत्या पीठ मळत होती, आई ओट्याला टेकून उभी. आईनं हळूच विचारलं, "खरंच बघितलं होतं त्यांनी?"

"व्हय."

आईनं ओट्यावर सांडलेलं पीठ हातानं गोळा केलं. मग म्हणाली, "एकदा असेच तिकडच्या लग्नावरून आले आणि जेवलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, डोकं दुखतंय."

आत्यानं पीठ उलटं केलं, वरून पाणी मारलं. "येक दिस जेवला न्हाय व्हय," म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. चेष्टा होती की आणखी काही, मला कळलं नाही. आईनं मात्र तिच्या शेजारी जाऊन तवा ठेवला. दुपारी आत्या मेंढरांच्या काळजीनं एसटीनं परत गेली.

तेव्हापासून मी घरात येरझारा घालतेय. लोकांचे फोन येतात, कौतुक करतात, दुसऱ्या गावांत दाखवू म्हणतात. मी हो म्हणते. फोन ठेवला की तुमचा चेहरा समोर येतो, कॅमेऱ्यामागचा, एक डोळा मिटलेला. त्या मांडवात तुम्ही घाबरलात की तुम्हाला लाज वाटली, की खरंच काम तेवढं मोठं वाटलं, हे मला आता कोण सांगणार? आत्याला विचारावं तर ती म्हणेल, मला काय म्हायती.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. तुम्ही असता आणि परवा आत्याच्या शेजारी बसणार असता, तर मी ते वाक्य कापलं असतं. आत्याला सांगितलं असतं, वारा फार होता, आवाज नीट आला नाही.