नीरफणसाचा वानवळा

२० जुलै
संदेशचा फोन. गणपती झाले की आम्ही दोघांनी कायमचं त्याच्याकडे डोंबिवलीला यायचं. म्हणे, अण्णा, गावात दिवसभर तुम्ही करता काय? उभा जन्म नोकरी केलेल्या बापाला हा प्रश्न. ठणकावून सांगितलं, उद्योग काढतोय. कसला, ते फोन ठेवल्यावर सुचलं. परसातला नीरफणस. लगडलाय नुसता. उद्योग चालला की कोण मला हलवतो बघू.

२१ जुलै
मोबाईलवर वाचलं. फायबर, पोटॅशियम, सगळं ठासून भरलेलं. परदेशात लोक भाताच्या जागी खातात. पीठ, चिप्स, केकसुद्धा. ठराव : पीठ काढायचं. आजपासून भात बंद.
रात्री भात. बांगड्याचं कालवण होतं, नाइलाज.

२६ जुलै
फोडी वाळत घातल्या. हात चिकाने माखले, खोबरेल संपलं. ऊन नाही. पडेल. ही म्हणाली, वाळवण वैशाखात घालतात, श्रावणात नाही. नीरफणस पावसात लागतो, त्याला मी काय करू?

२९ जुलै
फोडींना बुरशी. उरलेल्या माजघरात दोरीवर टांगून पंखा लावला. लाईट गेली.
पीठ हा दुसरा टप्पा ठेवतो.

३ ऑगस्ट
मार्केटिंग. लोकांना आधी चव लागली पाहिजे. हिच्याकडून काप करून घेतले. तांदळाचं पीठ, मिरचीपूड, तव्यावर कुरकुरीत. वाडीत घरोघरी डबा, सोबत एकेक फळ. फ्री सॅम्पल. ही म्हणाली, याला वानवळा म्हणतात, आपण दरवर्षी देतो. हिला बिझनेस कळत नाही.

५ ऑगस्ट
रिस्पॉन्स जोरदार. एकही डबा रिकामा आला नाही. मालनवहिनींच्या डब्यात नीरफणसाची भाजी. गडग्यापलीकडच्या विठूकडून दोन नीरफणस. बाकीच्यांकडूनही तेच. विठू म्हणाला, अण्णा, औंदा गुरंपण तोंड फिरवतायत. ही म्हणाली, अहो, सगळ्यांच्याच परसात झाड आहे.
म्हणजे कच्च्या मालाची चिंता मिटली.

९ ऑगस्ट
गोणी घेऊन एसटीने रत्नागिरी. मंडईत भाजीवालीने विचारलं, काका, विकायला आणलेत की घ्यायला आलात? तिच्यामागे नीरफणसाचा ढीग. परत येताना गोणी सीटखाली मुद्दाम विसरलो. पालीला उतरलो तर कंडक्टरने हाक मारून हातात दिली. भला माणूस, मेला.

१८ ऑगस्ट
काप. भाजी. भजी. पुन्हा काप. आज हिला हळूच सांगितलं, जरा बटाटा आण.

२७ ऑगस्ट
गणपती आले. संदेश, सून, नात मनस्वी कालच आले. संदेशने पडवीतला ढीग बघितला आणि वळसा घालून बॅगा आत नेल्या. ओरडला असता तर परवडलं असतं. मी एक्सपोर्टचं सांगायला घेतलं. तो म्हणाला, अण्णा, तिकिटं काढलीयत.
आरतीनंतर विठूने गाऱ्हाणं घातलं. अण्णांना मुंबईत सुखी ठेव रे महाराजा. मी मनात भलतंच मागत होतो. सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणाले. त्यांच्याबरोबर माझ्याही तोंडून निघून गेलं.

३ सप्टेंबर
निघालो. किल्ली विठूकडे. दिवाळीपर्यंत परत येतो म्हटलं. तो बरं म्हणाला. परसाकडे गेलोच नाही.

२१ सप्टेंबर, डोंबिवली
विठूचा नितेश इथे कामाला आहे. गावाहून आला तो डबा घेऊन. विठूकडचे काप, वर एक अख्खं फळ. तुमच्याच झाडाचं आहे, म्हणाला. काप मऊ पडले होते. दोन खाल्ले आणि रडू आलं. सून म्हणाली, तिखट लागलं वाटतं. हो म्हटलं.

२७ सप्टेंबर
नितेश उद्या गावी जातोय, डबा न्यायला येईल. रिकामा कसा देणार? सकाळपासून घरात फिरतोय. गॅलरीत तुळस आहे, ती सुनेची. फ्रिजमध्ये आहे ते संदेशने आणलेलं. माझं असं घालण्यासारखं काही सापडेना. शेवटी ही म्हणाली, अहो, बिस्किटाचा पुडा घाला आणि द्या.
घातला. मावत नाही. झाकण दाबून धरून बसलोय.