पायलच्या झोपेसाठी मी केलेले उपाय

१२ नोव्हेंबर २००३
रात्री पायल पुन्हा किंचाळून उठली. अंग घामानं ओलं. काय दिसलं विचारलं तर सांगत नाई. पोरीचं दहावीचं वर्ष, अन् वर्गात डुलक्या घेते असा मास्तरचा निरोप आला. बाप म्हणून आता मीच लक्ष घालणार. पेपरच्या पुरवणीत लेख आहे, या वयाच्या पोराईले वाईट स्वप्नं काऊन पडतात त्याचा. एकेक कारण निपटून काढतो.
तालीम मात्र चालू राहील. गावच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात यंदा मी खलनायक आहे. मुख्य.

१४ नोव्हेंबर
कारण पहिलं: रात्रीचं जड जेवण. वांगे बंद केले. बायको गोकुळा म्हणे का वांगे तुम्हीच खाता, पोरगी तर हातही लावत नाई. तरी बंद.
जेवणानंतर तालीम. गोकुळा दिवसभर धान कापून थकते, म्हणून हिरोईनचे डायलॉग पायल वाचते. मी अडलो का पुढचं सांगतेही. नाटकाच्या दिवशी विंगेत प्रॉम्प्टर तीच. खणखणीत आवाज आहे. बापावर गेली.
रात्री किंचाळली. बिना वांग्यानं.

१७ नोव्हेंबर
टीव्ही. भुताची सिरियल पाहते असा संशय. सेट उचलून शेजारी गुलाबच्या घरी ठेवला. गोकुळा म्हणे का तो दिवाळीच्या आधीपासून बिघडून आहे. असो. नुसता दिसला तरी मनावर परिणाम होते.

२१ नोव्हेंबर
अभ्यासाचं टेन्शन. पायलले म्हटलं, आज पुस्तक उघडू नको, आराम कर. रिकाम्या वेळात तिसरा अंक दोनदा केला. गळा धरायचा सीन. असा हसलो का शेजारचं कुत्रं भुंकाले लागलं. डायलॉग थोडे मागंपुढं झाले. मोठ्या नटाचे होतात.

२४ नोव्हेंबर
गोकुळानं सकाळीच ऐकवलं. तुम्ही परवा कुरखेड्याले बहिणीकडं मुक्कामाले होते, तेव्हा पोरगी गाढ झोपली म्हणे.
म्हणजे कारण मी. माझा खलनायक. पोटच्या पोरीले एवढं भेव घातलं. लई वाईट वाटून राह्यलं.
ही वही कोणी वाचत नाई म्हणून लिहितो. थोडं बरंही वाटलं. जिनं मले रोज लुंगीवर पाहिलं, तिची ही गत, तर मंडईत पब्लिकचं काय होईल. मग बरं वाटलं म्हणून आणखी वाईट वाटलं.
रोल सोडणार. उद्याच डायरेक्टर उमाजीभाऊले सांगतो.

२५ नोव्हेंबर
सांगितलं नाई. पोस्टर छापून आले. माझ्या नावाखाली 'झाडीपट्टीचा हादरा'. आता कोणत्या तोंडानं सांगू?
उपाय काढला. आजपासून तालीम गोड आवाजात. खुनाची धमकीही गोड. पायल म्हणाली, बाबा, असं बोलाल तर पहिल्या रांगेलेही ऐकू जाणार नाई. रात्री किंचाळली, नेहमीपेक्षा जोरात.

२९ नोव्हेंबर
पायल गणिताच्या चाचणीत पेपरवरच डोकं ठेवून झोपली. मास्तर घरी आले होते. असंच राह्यलं तर दहावी निघणं कठीण म्हणे. मान वर करवली नाई माझ्यानं.
ते गेल्यावर तिले समोर बसवलं. म्हटलं, माय, चुकलो मी. तुझ्या स्वप्नात येते तो राक्षस मीच ना? भेऊ नको, तो नाटकातला आहे.
ती माझ्याकडं पाहतच राह्यली. मग रडाले लागली अन् बोलली. स्वप्नात मंडई असते. सारं गाव बसलेलं. मी स्टेजवर येतो अन् डायलॉग विसरतो. लोक हसतात, शिट्ट्या मारतात. ती विंगेतून सांगाले तोंड उघडते, पण आवाजच निघत नाई. मी तिच्याकडं पाहत उभा. तिथं ती किंचाळते.
मी विचारलं, अन् माझं भेव नाई वाटत?
नाई म्हणाली.

३० नोव्हेंबर
उमाजीभाऊले सांगितलं, रोल सोडतो, पोरीच्या झोपेचा सवाल आहे. वाटलं होतं हातापाया पडतील. ते म्हणाले, ठीक आहे. शिपायाचं काम करणारा दसरू आजपासूनच तुमच्या जागी उभा राहते म्हणे, सारे डायलॉग पाठ आहेत त्याले. कधीपासून पाठ आहेत ते मी विचारलं नाई.
मले पडदा ओढाले ठेवलं.
घरी येऊन पायलले सांगितलं. तिनं विचारलं, बाबा, कवा ओढाचा ते ध्यानात राहील ना?
राहील म्हटलं. झोप तू.