तीन रेघांच्या साच्यांची व्यवस्था

मी, फिलोमिना मेरी गॅरिटी, वय अडुसष्ट, मूळची कोरॉइटची, सध्या मुक्काम हॅझेलडीन वृद्धाश्रम, वॉर्नम्बूल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. पक्षाघाताने माझा डावा हात नेला आणि घशाची गिळण्याची ताकद नेली. डोके नेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी फार विश्वासाने लिहिले होते.

१. कोरॉइटचे घर, मागच्या बटाट्याच्या वाफ्यांसह, माझी भावजय नोरीन हिला द्यावे. बाबांच्या अंत्यविधीला तिने विकतची सँडविचे मांडली, तेव्हापासून आम्ही एकमेकींशी फक्त हवामानावर बोलतो. पण घर ती स्वच्छ ठेवील. मुरंब्याचे तांब्याचे पातेले तिला देण्याची गरज नाही. ते ती आधीच घेऊन गेली आहे.

२. माझी शिवणाची पेटी इथली स्वयंपाकीण नायरी हिला द्यावी. ही पेटी कॉन्व्हेंटमधली आहे, सिस्टर इग्नेशियांनी दिलेली. सिस्टर आमचे भरतकाम हातात घेतले की आधी उलटे करून बघायच्या. त्यांच्या हाताला खडूचा आणि लव्हेंडरचा वास यायचा. पेटी उघडली की तो अजून येतो, असे मला वाटते. नायरीला आला नाही, तरी हरकत नाही.

३. आता गॅरेजमधले साच्यांचे काम.

माझ्या आईलाही शेवटी असेच गिळता येईनासे झाले होते. सगळे जेवण वाटून, गोळे करून ताटात यायचे: एक राखाडी, एक नारिंगी, एक हिरवा. आई तोंड फिरवायची. म्हणायची, "फिल, हे काय आहे ते आधी सांग, मग खाईन." मी तेव्हा नगरपालिकेत संगणकावर नाल्यांचे आराखडे काढत असे. मला वाटले, गाजर त्याहून सोपे असेल. नव्हते. आकृती संगणकावर काढायची, यंत्राने ती प्लास्टिकच्या थरावर थर देत उभी करायची, तिच्यावर सिलिकॉन ओतून साचा करायचा आणि त्यात वाटलेले गाजर गोठवून, काढून, वाफवायचे. पहिले गाजर आईने काट्याने टोचून पाहिले. "हं, आज रविवारचं जेवण आहे वाटतं," म्हणाली, आणि ताट संपवले.

त्या दिवसापासून मी केलेल्या प्रत्येक आकृतीच्या पाठीवर, मग तो मटार असो की मटणाचा काप, तीन आडव्या रेघा आहेत. रेघा असतील तर अन्न वाटलेले आहे, गिळता न येणाऱ्याला द्यावे. नसतील तर ते खरे आहे, त्याच्यापासून दूर ठेवावे. या किनाऱ्यावरची स्वयंपाकघरे 'गॅरिटीचे साचे' घेतात ती या रेघांच्या भरवशावर.

४. मी आजारी पडल्यावर धंदा माझा भाचा, नोरीनचा मुलगा लॉर्कन पाहू लागला. त्याने नवे यंत्र आणले. खरे गाजर एका चकतीवर ठेवायचे. कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, आकृती आपोआप तयार होते, साचाही आपोआप. माणसाचा हात लागत नाही. आणि खरे गाजर काही रेघा घेऊन जमिनीतून येत नाही.

मी त्याला विचारले.

"आत्या, लोकांना हुबेहूब हवंय गं. तुझ्या रेघा बघून नातेवाईक विचारतात, हे कुणी ओरबाडलंय का?"

"आणि ताट वाढणाऱ्या पोरीला कसं कळणार?"

"झाकणावर नाव असतं की!"

"झाकण काढूनच जेवतात, लॉर्कन."

तो हसला. "तू अजून नालेच तपासतेयस." माझ्या कपाळाचे चुंबन घेऊन गेला. मुलगा वाईट नाही. म्हणूनच मला भीती वाटते.

गेल्या गुरुवारी माझ्या टेबलावर दोन ताटांची झाकणे एकदम निघाली. एक माझ्या शेजारी बसणाऱ्या मर्लचे, तिला गिळता येते म्हणून खऱ्या गाजरांचे. दुसरे अल्बी ट्रेविनचे, त्याला माझ्यासारखेच गिळता येत नाही म्हणून साच्यातले. वाढणाऱ्या नव्या मुलीने त्यांची अदलाबदल केली. मी दोन्ही ताटांकडे पाहत होते आणि मलाही ओळखता आली नाहीत. अल्बी जन्मभर समुद्रावर गेलेला माणूस. मला डोळा मारून म्हणाला, "फिल, आज गाजराला दम आहे हं." त्यानंतर तो बोलला नाही. चेहरा शिशासारखा झाला. नायरी आतून धावत आली, पाठीत गुद्दे घातले, तेव्हा तुकडा बाहेर पडला. तो जिवंत आहे. टेबलावर येत नाही.

व्यवस्थापिका म्हणाल्या, "अल्बीला नेहमीच ठसका लागतो." साचे धुऊन संध्याकाळसाठी रचून ठेवले गेले.

५. म्हणून: यंत्रे, आकृत्या आणि गॅरिटी हे नाव लॉर्कनला मिळावे, पण एका अटीवर. मला पुरण्याआधी वापरातल्या प्रत्येक साच्यात तीन रेघा असाव्यात आणि बिनरेघांचे साचे कापून टाकलेले असावेत. तपासणी नायरीने बोट फिरवून करावी, पडद्यावर बघून नव्हे. अट पाळली गेली नाही, तर रेघांच्या आकृत्या मागेल त्या स्वयंपाकघराला फुकट द्याव्यात, यंत्रे विकावीत आणि आमचे नाव कोणत्याही साच्यावर राहू नये.

६. माझ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून म्हातारपण लिहिलेले आढळले, तर माझ्या वकील ऊना पेचल यांनी आधी माझे शेवटचे ताट मागावे. ते धुतले गेले असेल, तर कोणी धुवायला सांगितले ते विचारावे. लॉर्कनला मात्र कोणी बोलू नये. त्याला माझ्याजवळ थोडा वेळ एकटे बसू द्यावे.

हे सगळे मी काल त्याला वाचून दाखवले. त्याने माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघतो, आत्या. नक्की."

पुढचा महिना येईपर्यंत मला रोज तीन वेळा जेवायचे आहे.

सही: फिलोमिना मेरी गॅरिटी

वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी झाली. बाईंनी मजकूर स्वतः वाचला. आवाज स्पष्ट होता.

साक्षीदार: मर्ल होस्किंग, निवृत्त शिक्षिका, हॅझेलडीन
साक्षीदार: टेरेन्स क्विल्टी, धर्मगुरू

वॉर्नम्बूल, रविवार, १८ मे २०२५, दुपारच्या जेवणापूर्वी